गोळा सोडायचा, ढकलायचा नाही

३ मार्च

तीर्थरूप मामांना, आणि शेजारी बसून पत्र ऐकणाऱ्या मामीलाही,

फोन केला तर तुम्ही "बरं" म्हणता आणि ठेवून देता. ते बरं म्हणजे होकार होता की जांभई, हे मला आमच्या साहेबांना पटवता येत नाही. म्हणून पत्र.

तुमचं पायऱ्यांचं सभागृह जाणार. इमारत राहील, पण पायऱ्या काढून जमीन सपाट करणार. टेबल, फळा, छतातला हूक, सगळं निघणार. मग तिथे स्नेहमेळावे, सत्कार, चहापान वगैरे होईल, कारण विद्यापीठाला म्हणे चहा प्यायला जागा अपुरी पडते. मे महिन्यात काम सुरू. त्याआधी २५ एप्रिलला दुपारी चार वाजता तिथला शेवटचा कार्यक्रम आहे. तो तुमचा असावा असं मी सुचवलं आणि साहेब, काय अवदसा आठवली कोणास ठाऊक, लगेच हो म्हणाले.

चौतीस वर्षं तुम्ही त्या टेबलावर प्रयोग मांडलेत. भौतिकशास्त्राचे सर बोलायचे, तुम्ही बाजूला उभे राहून न बोलता हातांनी सगळं करायचात. मी नऊ वर्षांची होते तेव्हा तुम्ही मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. सर डोकं फळीला टेकवून उभे. तुम्ही छतापासून लोंबणारा तो सात किलोचा लोखंडी गोळा ओढून आणलात, त्यांच्या नाकाला टेकवलात आणि सोडलात. गोळा पार समोरच्या पायऱ्यांपर्यंत गेला, परत आला आणि नाकाच्या दोन बोटं अलीकडून माघारी फिरला. मी किंचाळले होते. तो प्रयोग एकदा शेवटचा करा, एवढंच मागणं आहे.

सोबत फॉर्म आहे. कार्यक्रमाचं स्वरूप: कला, विज्ञान, सामाजिक. एकाच चौकोनात खूण करायची. "वक्ता" हा रकाना रिकामा चालत नाही. लवकर पाठवा, पत्रक छापायला जायचंय.

तुमची
भिंगरी


९ मार्च

भिंगरी, अनेक आशीर्वाद.

तुझा फॉर्म वाचून माझं डोकं उठलं. बारा वर्षं त्या कार्यक्रम विभागात बसून तुम्ही एवढाच शोध लावलात का, की माणूस एका चौकोनात मावतो?

पहिली गोष्ट. मी वक्ता नाही. चौतीस वर्षांत त्या टेबलामागे मी एक अक्षर बोललेलो नाही. तशी पद्धतच होती. सर चुकले तर मी डस्टर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकवायचो, की ते वाक्य सुधारून घ्यायचे. वर्गाला पत्ता लागत नसे. आता म्हातारपणी मला बोलायला लावू नकोस.

दुसरी गोष्ट. सत्कार नको. साहेबांना सांग, पुष्पगुच्छ आणलात तर मी मागच्या दाराने निघून जाईन. ते दार कुठे आहे हे साहेबांना माहीत नसेल, मला आहे.

तिसरी गोष्ट. हूक तपासून घे. तारेला पीळ असेल तर तार बदल. फळी भिंतीला घट्ट हवी. गोळ्याला एका बाजूला टवका उडालाय, ती बाजू प्रेक्षकांकडे येऊ देऊ नये.

बाकी विचार करून कळवतो.

मामा


१४ मार्च

मामा,

विचार करून कळवतो म्हणजे काय? मी तुमच्याकडे मुलगी मागायला आलेय का?

आधी कामाचं. हूक तपासायला गेले तर हुकाला नृत्य विभागाचा पडदा लटकत होता. जांभळा, वीस फुटी. नृत्याच्या बाई म्हणाल्या, गेली तीन वर्षं आमची तालीम इथेच असते, हा हूक पडद्यासाठीच आहे ना? मी म्हटलं, हा हूक माझ्या मामाचा आहे. त्या हसल्या. पडदा उतरवायला दोन माणसं, एक शिडी आणि तीन सह्या लागल्या. तार बदलली. फळी घट्ट आहे. गोळा भांडारात सापडला, त्यावर कुणीतरी कुंडी ठेवली होती.

आता चांगली बातमी. सरांना फोन केला. गुडघ्यांनी दगा दिलाय, लेकीकडे असतात, पण आवाज अजून खणखणीत. म्हणाले, "तो सोडणार असेल तर मी फळीला टेकून उभा राहीन. त्याच्या हातावर माझा माझ्या नाकापेक्षा जास्त विश्वास आहे." म्हणजे बोलायचा प्रश्नही सुटला. वक्ता म्हणून सरांचं नाव घातलं. तुमच्यासाठी पत्रकात वेगळी ओळ काढून घेतली, त्यासाठी छापखान्यातल्या माणसाशी अर्धा तास हुज्जत घातली.

आणि हो, तुमचं पत्र मामीच्या अक्षरात का? तुमचं ते मोत्यासारखं अक्षर कुठे गेलं?

भिंगरी


२० मार्च

भिंगरी,

अक्षराचं विचारलंस. चष्म्याचा नंबर बदललाय, नवा व्हायचाय. तोवर तुझी मामी लिहून घेते आणि मध्ये मध्ये स्वतःची मतं घालायला बघते, ती मी खोडायला लावतो.

कार्यक्रमाबद्दल मी पुन्हा विचार केला. गोळ्याचा प्रयोग जुना झाला. सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्याऐवजी काचेच्या हंडीतली घंटा दाखवू. हंडीतली हवा काढत गेलं की आवाज बारीक होत जातो, शेवटी घंटा वाजताना दिसते पण ऐकू येत नाही. सुंदर प्रयोग आहे, कुणी नाकाशी उभंही राहायला नको.

आणि गोळाच हवा असं सरांचं म्हणणं असेल तर दोऱ्याने बांधून ठेवू आणि मेणबत्तीने दोरा जाळू. मग हात लावायचाच प्रश्न नाही. पुष्कळ ठिकाणी तसंच करतात.

सरांना तसं कळव. त्यांना आग्रह करू नकोस, वय झालंय त्यांचं.

मामा


२४ मार्च

मामा,

हे पत्र लिहिण्याआधी मी दोन ग्लास पाणी प्यायले, तरी राग गेलेला नाही.

काचेची हंडी सहा वर्षांपूर्वीच फुटली. मेणबत्ती सभागृहात चालत नाही. सुरक्षा समितीचा फॉर्म वेगळा आहे, चार पानी, आणि त्यात "उघडी ज्योत" या शब्दांपुढे समितीने इतक्या जोरात फुली मारलीय की पुढच्या पानावर उमटलीय. दोरा कात्रीने कापा म्हणाल, तर तुम्हीच मला लहानपणी सांगितलंय की कापताना हिसका बसतो आणि गोळा वाकडा जातो.

पत्रक छापून झालंय. आठशे प्रती. सरांनी आपल्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना कळवलंय, त्यातले काही तर आता स्वतःच निवृत्त झालेत. आणि तुम्ही म्हणता प्रयोग जुना झाला! कोण म्हणालं नवा आहे म्हणून?

मला वाटतं, तुम्हाला मनधरणी करून घ्यायची आहे. चौतीस वर्षं कुणी विचारलं नाही, आता विचारतायत तर एकदा हे नको, एकदा ते नको. मामा, असले नखरे मी नाटक विभागातल्या नट्यांचे रोज बघते. घरच्यांचेही बघायचे असतील तर मला पगारवाढ द्यायला सांगते.

गोळ्याचा प्रयोग होणार. तुम्ही सोडणार. मला उलट टपाली होकार हवाय.

भिंगरी


२९ मार्च

भिंगरी,

कार्यक्रम रद्द कर. मी येणार नाही. नखरेवाल्या माणसाची वाट बघू नये.

मामा

बाई गं, हे खालचं मी माझ्या मनाने लिहितेय. ते अंगणात गेलेत. तुला खरं सांगायला त्यांनी मला बंदी केलीय, पण तुझं मागचं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं आणि आता लपवून ठेवणं मला जमत नाही. चष्म्याला काही झालेलं नाही. त्यांचे हात थरथरतात. वर्ष झालं. शर्टाची बटणं मी लावते. पाण्याचा पेला अर्धाच भरून देते, म्हणजे सांडत नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा चार दिवस हा माणूस नुसता आनंदात होता. स्वयंपाकघरात दोरीला नारळाएवढा दगड बांधून सोडून बघायचा. दर वेळी हात जरा पुढे जायचा, दगड पुढे ढकलला जायचा आणि परत येताना कपाटावर आदळायचा. कपाटाला पाच खड्डे पडलेत. त्यांना भीती स्वतःची नाही, सरांच्या नाकाची आहे. ढकलला गेलेला गोळा कुठवर येतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? आता तू रागाव, पण त्यांच्यावर नको.
— मामी


२ एप्रिल

मामा आणि मामी, दोघांनाही,

मामी, तुझी टीप मी ऑफिसात वाचली आणि फायलीआड तोंड लपवून रडले. साहेबांना वाटलं पत्रकात चूक सापडली.

मामा, मी नखरे म्हटलं ते चुकलं. माफ करा. पण रागावलेय मी अजूनही, आणि आता जास्तच. वर्षभर बटणं मामी लावतेय आणि मला सांगता नंबर बदललाय? मी काय परकी आहे? गुडघे गेले म्हणून सर लाजले नाहीत, आणि तुम्ही हातांसाठी काचेची हंडी पुढे केलीत!

कार्यक्रम रद्द होणार नाही. रद्द करायचाही फॉर्म आहे आणि तो मी जाळला. (उघड्या ज्योतीवर, घरी.)

गोळा मी सोडते. तुम्ही शिकवा.

सरांना फोन करून खरं ते सांगितलं. मग म्हणाले, "त्याला सांग, मला कळवायला हवं होतं." मी म्हटलं, सर, मी सोडते, तुम्ही उभे राहाल? तर म्हणाले, "बाळ, तुझ्याबद्दल मला फार आदर आहे. पण मला नातीचं लग्न बघायचंय." तेव्हा ते बसून बोलणार. फळीला टेकून कोण उभं राहणार ते नंतर बघू. साहेबांचं नाव माझ्या मनात आहे.

भिंगरी


७ एप्रिल

भिंगरी,

यापुढे पाकीट मी स्वतः बंद करणार आहे. तुझ्या मामीने तीस वर्षांत माझी एवढी फसवणूक कधी केली नव्हती. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही, तिसऱ्या दिवशी बटणं लावायची होती.

तुला जमणार नाही. तुझे हात उतावळे. लहानपणी दिवा लावायला सांगितला तर तू बटणच तोडलं होतंस. पण तू ऐकणार नाहीस हेही मला माहीत आहे, म्हणून लिहून घे.

गोळा ओढून आणताना तार ताठ हवी, जराही सैल नको. दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांवर धर, मुठीत नाही. नाकाला टेकव, दाबू नकोस. मग थांब. गोळा पूर्ण निश्चल होईपर्यंत थांब. लोक खोकतील, सर घाई करतील, लक्ष द्यायचं नाही. मग बोटं उघडायची. बस. फेकायचा नाही, ढकलायचा नाही, जा बाबा असं मनातसुद्धा म्हणायचं नाही. फक्त सोडायचं. आणि सोडल्यावर दोन्ही हात पाठीमागे घेऊन एक पाऊल बाजूला व्हायचं. हात पाठीमागे, हे विसरू नकोस.

उभ्या राहणाऱ्यानेही पुढे झुकता कामा नये. डोकं फळीला चिकटलेलं. लोकांना वाटतं मागे सरकणारा घाबरट. खरा धोका पुढे झुकणाऱ्याला असतो.

आधी खोक्यावर सराव कर. माणसावर नाही. साहेबांवरही नाही.

मामा


१५ एप्रिल

मामा,

सरावाचा हिशेब असा: सात खोकी. त्यातली पाच फुटली. रोज जेवणाच्या सुट्टीत खुर्चीवर पुठ्ठ्याचं खोकं ठेवायचं, गोळा टेकवायचा, सोडायचा, आणि पाच सेकंदांनी धाडकन आवाज. तुम्ही लिहिलंय फक्त सोडायचं. अहो, फक्त सोडणं हीच तर जगातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे! मी सोडते असं समजते आणि हात आपणहून निरोप द्यायला पुढे जातात.

तिसऱ्या दिवशी नृत्याच्या बाई तालमीला लवकर आल्या, पायरीवर बसून बघत राहिल्या. पाचवं खोकं फुटल्यावर म्हणाल्या, "तुम्ही बोटांनी सोडताय. खांद्याने सोडा." मी म्हटलं, माझे मामा बोटं म्हणतात. त्या म्हणाल्या, "मामांचा खांदा आधीच सैल असेल, म्हणून त्यांना सांगायचं सुचलं नाही." मग त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, श्वास सोडायला लावला, आणि श्वासाच्या शेवटी बोटं आपोआप उघडली. गोळा गेला, आला, खोक्याच्या दोन बोटं अलीकडून फिरला. वीस मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर बावीस वेळा केला, एकदाही चुकला नाही.

आता अडचण अशी की उभं राहायला कुणी नाही. साहेबांना विचारलं, त्यांची त्या दिवशी अचानक महत्त्वाची बैठक निघाली. सुरक्षा समिती म्हणते, उभा राहणाऱ्याने "स्वेच्छेने" असं लिहून सही करावी. ते वाचलं की स्वेच्छा असलेलेही पळतात.

भिंगरी


१९ एप्रिल

भिंगरी,

खांद्याचं त्या बाईंनी बरोबर सांगितलं. हे मला चौतीस वर्षांत कळलं नव्हतं, मी करत होतो एवढंच. त्यांना सांग, पडदा लावायला हरकत नाही.

मी उभा राहतो.

उगाच पत्रावर पत्र पाठवून वाद घालू नकोस. डोकं फळीला टेकवून नुसतं उभं राहायचंय, त्याला हात लागत नाहीत. समितीचा कागद पाठव. सही वाकडी येईल, ती चालत नसेल तर अंगठा घ्या म्हणावं.

मी बोलणार मात्र नाही. सर बोलतील.

मामा


२८ एप्रिल

मामा,

तुम्ही सुखरूप पोचलात हे मामीने कळवलं. आता माझी तक्रार ऐका.

"मी बोलणार नाही" हे तुम्ही मला दोन पत्रांत लिहून दिलंय. पत्रं जपून ठेवलीयत. वक्ता म्हणून सरांचं नाव आठशे प्रतींवर छापलंय. आणि झालं काय? सर वीस मिनिटं छान बोलले, मग म्हणाले, "आता हा गोळा परत येईल, पण नाकाला लागणार नाही, कारण..." आणि थांबले. शब्द सापडेना. मी तुमच्या नाकाला गोळा टेकवून उभी, हाताला रग लागलेली, सोडावं की धरावं कळेना. तेव्हा सरांनी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. हात लांब करून टेबलावरचा डस्टर या टोकाकडून त्या टोकाला सरकवला.

आणि तुम्ही बोललात. नाकाला गोळा, डोकं फळीला, आणि आवाज असा की शेवटच्या पायरीवरची मुलं पुढे सरकून बसली. "कारण जेवढ्या उंचीवरून तो सोडला, तेवढ्याच उंचीवर तो परत येऊ शकतो. त्याहून वर जायला त्याला कुणीतरी जास्तीचं काही द्यावं लागेल, आणि ही देणार नाही." मग मला म्हणालात, "सोड गं." मी सोडला. तो गेला, आला, फिरला, आणि तुम्ही बोलतच राहिलात! सरांच्या भाषणातल्या चुकासुद्धा सांगितल्यात. पन्नास मिनिटं! चहा गार, साहेब घड्याळाकडे बघतायत (बैठक लवकर संपली म्हणे), आणि सर टेबलापाशी बसून डोळे पुसतायत.

पत्रकातली चूक दुरुस्त करायचा फॉर्म असतो. तो आता मला भरायला लागणार. वक्ता: मामा. हुद्दा काय लिहू ते कळवा.

नृत्य विभागाने अर्ज केलाय की टेबल न्या, पायऱ्या न्या, पण हूक आणि गोळा आम्हाला द्या. अर्जात कला, विज्ञान आणि सामाजिक, तिन्ही चौकोनांत खुणा केल्यात. साहेब म्हणाले हे नियमात बसत नाही. मी म्हटलं, बसवा.

भिंगरी


४ मे

भिंगरी,

हे मी माझ्या हाताने लिहितोय. तीन दिवस लागले. ओळी वाकड्या आहेत, जमेल तशा वाच. मामीला मदतीला येऊ दिलं नाही.

हुद्दा प्रयोगसहायक. तोच लिही.

चौतीस वर्षं मी तो गोळा जाताना पाहिला. समोरून येताना पहिल्यांदाच पाहिला. सर डोळे मिटायचे, ते का मिटायचे ते कळलं. मी उघडे ठेवले. तो मोठा मोठा होत येतो आणि शेवटी नुसता गोळाच दिसतो, टवक्यासकट. मला भीती वाटली. पण सोडताना मी तुझी बोटं पाहिली होती. ती स्थिर होती.

सोडून झाल्यावर तू हात पाठीमागे घेतलेस. तिथे मागे ते किती थरथरत होते, ते मागच्या दारात उभ्या असलेल्या नृत्याच्या मुलींनी मला नंतर सांगितलं. तू लाजू नकोस. माझेही दर वेळी तसेच थरथरायचे, अगदी पहिल्या वर्षापासून. हात पाठीमागे घ्यायची पद्धत त्यासाठीच काढली होती.

मामा